अतिउजव्या नेत्यांकडे लोक का वळतात? गावाकडून उत्तरं हवीत

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पोरं वर्गात जगाच्या बातम्या घेऊन येतात आणि सध्या त्यांच्या एका प्रश्नाचं धड उत्तर मला देता येत नाही. ब्रिटनने जून २०१६ मध्ये ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. त्याच वर्षी अमेरिकेत ट्रम्प निवडून आले, २०२० ला हरले, २०२४ ला पुन्हा आले. फ्रान्समध्ये मारीन ल पेन यांना २०२२ च्या अंतिम फेरीत ४१ टक्क्यांहून जास्त मतं पडली. नेदरलँड्समध्ये २०२३ ला खीर्त विल्डर्स यांचा पक्ष १५० पैकी ३७ जागा घेऊन पहिला आला. जर्मनीत एएफडी (‘जर्मनीसाठी पर्याय’) हा २०१३ साली निघालेला पक्ष २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्क्यांवर गेला.

देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण भाषणं काढून वाचली तर बोलणं सारखंच. एका बाजूला साधी, कष्टाळू, खरी जनता. दुसऱ्या बाजूला तिला लुबाडणारे वरचे लोक. आणि खाली कुठेतरी तिसरा, बाहेरून आलेला किंवा वेगळ्या धर्माचा, ज्याचे म्हणे वरचे लोक लाड करतात.

यावरचे लेख वाचले की दोनच उत्तरं सापडतात : लोक अडाणी आहेत, नाहीतर लोक गरीब आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मतदानोत्तर चाचण्यांत ५० हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या मतदारांत हिलरी क्लिंटनच पुढे होत्या. मग नुसत्या गरिबीने हे कसं सुटतं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसा गेला तर माणूस हळहळतो, मान गेला तर पेटतो, आणि हे नेते नेमकं तिथेच बोट ठेवतात. तुम्ही वावरात, खाणीत, परदेशात जे डोळ्यांनी पाहता ते लिहा. आपल्याकडची तुलना जरूर करा, फक्त कुठल्या पक्षाची पत्रकं इथे चिकटवू नका.

पऱ्हाटी

सर, मी कळंबकडचा कास्तकार. मले अमेरिकेतलं एकच कोडं सोडवून द्या. ट्रम्पनं २०१८ मंधी चीनसंग कराचं भांडन उकरून काहाडलं. चीननं तिकडची सोयाबीन घेनं पार कमी केलं, भाव पडले. नुकसान कोनाचं झालं? सोयाबीनवाल्याचं. अन् २०२० ले त्याच लोकाईनं पुन्हा त्यालेच मतं देल्ली. आमच्या इकडे भाव पडला की लोक सरकारच्या नावानं बोटं मोडते. थे काहून नाई चिडले?

चहाटपरी

लाख मोलाचा प्रश्न. खुर्ची ओढून बसलो आहे.

सॅक्सनीतला_दारव्हेकर

पऱ्हाटीभाऊ, अर्धं उत्तर रोख पैशात आहे. ट्रम्प सरकारने शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये १२ अब्ज डॉलरची आणि २०१९ मध्ये आणखी १६ अब्ज डॉलरची भरपाई जाहीर केली. राहिलेलं अर्धं उत्तर मात्र पैशाचं नाही. ‘हा गडी पहिल्यांदाच आमच्या बाजूने चीनशी भांडतोय, भांडणात आम्हालाही थोडं लागणारच’ असं त्यांना वाटत होतं. आपल्यासाठी लढणाऱ्या माणसाकडून झालेला तोटा लोक सोसतात. आपल्याला विसरलेल्या माणसाकडून झालेला फायदासुद्धा त्यांच्या लक्षात राहत नाही.

मी मूळचा दारव्ह्याचा, आता लाइपझिगजवळ राहतो, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीत. एएफडीचा जोर इकडेच सगळ्यात जास्त. शेजारच्या थुरिंगिया राज्यात सप्टेंबर २०२४ मध्ये हा पक्ष ३२.८ टक्के मतं घेऊन पहिला आला. १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हा पूर्वेकडचे सुमारे साडेआठ हजार सरकारी उद्योग ट्रॉयहांड नावाच्या एका संस्थेकडे सोपवले. त्यात चाळीस लाखांच्या आसपास माणसं कामाला होती. १९९४ पर्यंत संस्थेने ते विकून, मोडून, बंद करून काम आटोपलं. माझे शेजारी त्यातल्याच एका कारखान्यात लेथवर होते. जिन्यात भेटले की भाजीच्या भावापासून सुरुवात होते आणि गाडी १९९१ वर येऊन थांबते. एकदा म्हणाले, नोकरी गेली त्याचं मी सोसलं असतं, पण पश्चिमेकडून आलेला पोरगेला साहेब माझं मशीन बघून हसला. त्यांना आज चांगलं पेन्शन आहे, घर आहे, मोटार आहे. मत ते एएफडीला देतात.

तेव्हा सरांच्या ‘माना’च्या मुद्द्याला माझा पाठिंबा. फक्त एक भर घालतो. अपमान जुना होता, तो बोलून दाखवणारा पक्ष कितीतरी वर्षांनी आला. मधल्या काळात बाकीचे पक्ष त्यांना सांगत होते की तुमचं छान चाललंय, आकडे बघा.

मंदाकिनी_अ

अचलपूरकडच्या एका गावात शाळेत होते, आता निवृत्त आहे. सरांनी ‘डोळ्यांनी पाहिलेलं’ मागितलं म्हणून लिहिते.

आमच्या गावात देवळासमोर पार आहे. दुपारी तिथे पंधरा-वीस पोरं असतात. पोरं म्हणायची आपली सवय, त्यातली बरीच तिशी ओलांडलेली. माझा एक विद्यार्थी आहे, आठ एकर ओलिताची जमीन, संत्र्याची बाग, बी.ए. झालेला, निर्व्यसनी. वय ३४. लग्न नाही. स्थळं पाहणं घरच्यांनी आता सोडून दिलंय. मुलीकडच्यांचं ठरलेलं उत्तर असतं : मुलगा नोकरीवाला हवा, घरी शेती असावी, पण शेतात राबणारा नको. गावोगाव हेच ऐकायला येतं. मुलींना मी दोष देत नाही. आपल्या आईचे हाल पाहूनच त्या असं म्हणतात.

परवा त्या पोराशेजारी जाऊन बसले. काच तडकलेल्या मोबाइलवर कुणीतरी दाढीवाला ओरडून सांगत होता की तुमचा हक्क कोणी खाल्ला ते ओळखा. मी म्हटलं, अरे हे काय बघतोस? त्याने मान वर केली नाही. म्हणाला, ‘मॅडम, हा माणूस निदान आमच्याबद्दल बोलते तरी. बाकीचे कोन बोलते?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. राज्यात योजना आल्या, लाडकी बहीण आली, महिना १,५०० रुपये मिळू लागले, चांगलंच झालं. पण शेतीत राहिलेल्या या मुलांशी कुठला पुढारी, कुठली संस्था, कुठला लेखक बोलतो? मुलं वाया गेली असं म्हणून सगळे मोकळे. मग जो त्यांना ‘वाघ’ म्हणतो त्याच्यामागे ती जाणारच.

चहाटपरी

मंदाताई, आमच्या पारावर येऊन लिहिलंत का हो? नाव तेवढं नाही टाकलं, बाकी सगळं आमचंच.

सॅक्सनीतला_दारव्हेकर

मंदाताई, तुमचा प्रतिसाद वाचून चमकलो. इथेही हेच झालंय. एकीकरणानंतर पूर्वेकडून जे तरुण पश्चिमेत गेले त्यात मुली जास्त होत्या. त्या शाळेत हुशार, त्यांना तिकडे कामं मिळाली. मागे छोट्या गावांतून मुलगे उरले. काही तालुक्यांत लग्नाच्या वयाच्या मुलांच्या मानाने मुली इतक्या कमी की समाजशास्त्रज्ञांनी त्यावर स्वतंत्र अभ्यास केले. २०२५ च्या निवडणुकीत तर तरुण मतदारांची सरळ फाळणी दिसली. मुलींचा कल डाव्या पक्षाकडे, मुलांचा एएफडीकडे.

गावातली बस बंद, शाळा बंद, दवाखाना लांब, पबला कुलूप. अशा गावात एएफडीचा कार्यकर्ता उन्हाळ्यात सॉसेज भाजून सगळ्यांना बोलावतो. त्यातले निम्मे लोक द्वेषासाठी आलेले नसतात, बोलायला कोणी भेटेल म्हणून आलेले असतात. द्वेष तिथे बसल्यावर मिळतो.

निखिल_मूर्तिजापूर

सगळं वाचलं. मला या धाग्याचा सूरच खटकतो. आम्ही मत देतो आणि तुम्ही आमचा आजार शोधताय. कोणाचं लग्न झालं नाही म्हणून मत, कोणाला कोणी हसलं म्हणून मत. माणूस विचार करून मत देऊ शकतो हे मान्यच नाही का?

मी उघड उजवा आहे. माझ्या आईने चूल फुंकत डोळे खराब करून घेतले. २०१६ नंतर गॅस आला. २०१९ पासून वडिलांच्या खात्यात वर्षाला ६,००० रुपये येतात, तीन हप्त्यांत, मध्ये कोणाचा हात लागत नाही. याआधी पंचायत समितीत एका सहीसाठी वडील दिवस घालवायचे. मी हे बघून मत देतो. युरोपातही तेच आहे. पोलंडमध्ये पीआयएस (‘कायदा आणि न्याय’) पक्षाने २०१६ ला दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे महिना ५०० झ्लॉटी सुरू केले. त्याआधीचे सुशिक्षित लोक तिजोरीत पैसे नाहीत म्हणत होते. हंगेरीत ओर्बान यांनी २०१३ मध्ये घरगुती वीज-गॅसची बिलं कमी केली. लोकांना दिलेलं दिसतं.

आणि मानाचं म्हणाल तर हिलरी क्लिंटन सप्टेंबर २०१६ मध्ये निधी जमवण्याच्या एका कार्यक्रमात म्हणाल्या की ट्रम्पचे निम्मे समर्थक तिरस्करणीय लोकांच्या टोपलीत टाकता येतील. ते वाक्य ट्रम्पच्या लोकांनी टी-शर्टवर छापून मिरवलं. तुम्ही आम्हाला अतिउजवे म्हणता ना, तेव्हा साधारण तसंच ऐकू येतं.

सुमेध_पु

निखिल, तुझं पहिलं म्हणणं शंभर टक्के मान्य. मतदाराला रोगी समजून कोणाचं काही कळत नाही. गॅस, खात्यात थेट पैसे, यावर मत देणं पूर्णपणे शहाणपणाचं आहे. तसं मत कोणीही कोणालाही देईल, त्याला उजवं-डावं काही नाही.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गॅस देणाऱ्या पक्षाला गॅसचा हिशेब सांगून मतं मागता येतात. मग त्याच सभेत शेवटची वीस मिनिटं कोणत्या तरी एका समाजाला शत्रू का ठरवावं लागतं? पोलंडच्याच पक्षाने मुलांना पैसे दिले आणि त्याच काळात न्यायाधीश नेमण्याची व्यवस्था स्वतःच्या हातात घेतली, समलिंगी लोकांना राष्ट्राचा धोका ठरवलं. २०२३ ला त्यांना बहुमत गमवावं लागलं, पण सगळ्यात मोठा पक्ष तोच राहिला. म्हणजे दोन्ही वस्तू एकाच पिशवीतून दिल्या गेल्या आणि लोकांनी पिशवी उचलली.

मी पुसदचा, वकिली करतो. आमच्या घरी २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण वडील दरवर्षी मोठ्याने वाचतात. त्यात ते बजावतात की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात ते म्हणतात की राजकारणात समता आणि समाजात विषमता असा विरोध फार काळ ठेवला तर ज्यांना विषमता भोगावी लागते ते हा डोलाराच उद्ध्वस्त करतील. दोन्ही इशारे एकाच भाषणात आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विषमता तशीच राहू द्यायची आणि लोकांना भक्तीबद्दल तेवढं बोलायचं, हे चालणार नाही.

घुग्घुसकर

मी कोळसा खाणीतून निवृत्त झालो. १९७३ ला खाणी सरकारी झाल्या त्यानंतरच्या भरतीतला.

दारव्हेकर म्हणाले की बोलायला जागा उरली नाही. आमच्याकडे जागा होती. लाल झेंड्याच्या युनियनची खोली. पत्र्याचं छप्पर, एक लाकडी कपाट, स्टोव्हवर चहा, आणि संध्याकाळी एकजण पेपर मोठ्याने वाचायचा, कारण निम्म्यांना वाचता यायचं नाही. त्या खोलीत तेलुगू, छत्तीसगडी, बिहारी, मराठी, मुसलमान, बौद्ध सगळे एका बाकावर बसत. प्रेमाने नव्हे, कामाने. बोनस अडला तर सगळ्यांचाच अडायचा. कोणी मेलं तर वारसाच्या नोकरीचा अर्ज तिथेच लिहिला जायचा. मॅनेजरने शिवी दिली तर चारजण जाऊन जाब विचारायचे.

मग उघड्या खाणींत माती काढायचं काम ठेकेदारांकडे गेलं. ठेक्यावरच्या पोरांना युनियनने कधी आपलं मानलंच नाही. कायम कामगार निवृत्त होत गेले, खोली रिकामी झाली. आज तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. ठेक्यावरच्या पोराचा पगार थकला तर तो कोणाकडे जातो? उत्सव मंडळाच्या अध्यक्षाकडे. अध्यक्ष फोन लावतो, काम होतं. पुढच्या मिरवणुकीत तो पोरगा सगळ्यात पुढे असतो आणि मिरवणूक कोणत्या गल्लीत शिरून कोणासमोर थांबवायची हे अध्यक्ष ठरवतो.

फ्रान्सच्या उत्तरेला एनँ-बोमाँ नावाचं गाव आहे, जुनं कोळशाचं, पिढ्यान्‌पिढ्या डाव्यांचं. २०१४ ला तिथे ल पेन यांच्या पक्षाचा महापौर पहिल्याच फेरीत निवडून आला. २०१७ पासून त्याच भागातून त्या स्वतः खासदार आहेत. त्याआधीचा एक समाजवादी महापौर पैशाच्या घोटाळ्यात अडकला होता. हे वाचलं तेव्हा मला ते गाव अनोळखी वाटलं नाही. लोक उजवीकडे पळाले असं सगळे म्हणतात. आधी आमच्यासारखे लोक तिथून उठून गेले होते, हे कोणी म्हणत नाही.

पऱ्हाटी

काका, आमच्या इकडे बी तसंच. शरद जोशीईच्या येळेस संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून माह्या बाप रस्त्यावर बसला. तवा सभेत जात कोनी इचारत नोतं, भाव इचारे. आता संघटना फुटून फुटून किती झाल्या त्याचा पत्ता नाई. पोट्ट्याईले बिल्ला कायचा थे बी मालूम नाई.

फारुख_दर्यापूर

लिहू की नको असा विचार करत होतो. घुग्घुसकर काकांच्या मिरवणुकीच्या ओळीमुळे लिहितोय. मी त्या गल्लीत राहतो.

आमचं घराणं गुरांच्या बाजारातलं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होती, ती २०१५ ला बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्याआधी म्हातारा बैल कास्तकार बाजारात आणायचा, त्या पैशात थोडी भर घालून नवा घ्यायचा. विकणारा हिंदू, घेणारा आमचा. ती साखळी तुटली. आमचे लोक हातगाड्यांवर आले, आणि कास्तकाराच्या गोठ्यात न चालणारा बैल उभा राहिला, त्याचा चारा-पाण्याचा खर्च चालू. माझ्या शेजारच्या भाऊंनी तर बैल ठेवणंच सोडलं, आता भाड्याच्या ट्रॅक्टरने वाही करतात.

हे भाऊ माझ्या वडिलांच्या मयतीला खांदा देणारे. दर दोन दिवसांनी ते गावाच्या ग्रुपवर मुसलमानांविरुद्ध काहीतरी पाठवतात. एकदा मी सरळ विचारलं, भाऊ, हे माझ्याबद्दल आहे का? ते खरोखर दुखावले. म्हणाले, ‘फारुख, तू वेगळा. ते दुसरे.’ मी विचारलं, दुसरे कुठे राहतात? गावात आमची अकरा घरं, सगळ्यांना ते नावाने ओळखतात. त्या अकरांत एकही ‘दुसरा’ त्यांना सापडला नाही.

म्हणून म्हणतो, हे सगळं भाऊंना कसं आवडतं, हे मलाही समजून घ्यायचं आहे. पण समजून घेताना एक ध्यानात ठेवा. तुमच्यासाठी तो चर्चेचा विषय आहे. आमच्या घरी मिरवणुकीच्या दिवशी दुकान कधी बंद करायचं आणि पोरांना कुठे पाठवायचं हे आदल्या रात्री ठरतं.

निखिल_मूर्तिजापूर

फारुखभाई, तुमच्या गल्लीत असं होतं ते चूक आहे. त्याला मी जोडून काही ‘पण’ लावत नाही.

वेगळा मुद्दा मांडतो. ‘दुसरा’ नेहमी कल्पनेतलाच असतो हे खरं नाही. इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधलं बॉस्टन हे शेतीचं गाव. २०१६ च्या कौलात युरोप सोडा म्हणणारे तिथे देशात सर्वाधिक, ७५.६ टक्के. २००४ नंतर पूर्व युरोपातून भाजी काढायला, पॅकिंगला हजारोंनी मजूर आले. दवाखाना, शाळा, भाड्याची घरं, सगळीकडे गर्दी. तिथल्या माणसाला रोज डोळ्यांसमोर जे दिसत होतं, त्याला लंडनमध्ये बसून द्वेष म्हणणं सोपं आहे.

सॅक्सनीतला_दारव्हेकर

निखिल, बॉस्टनचं उदाहरण अगदी खरं आहे. पण माझ्याकडची बाजूही बघ. सॅक्सनी, थुरिंगियात परदेशी लोकांचं प्रमाण पश्चिम जर्मनीपेक्षा कितीतरी कमी, आणि स्थलांतरितांविरुद्धचं मत इकडेच जास्त. लंडनमध्ये परदेशी सर्वाधिक, आणि तिथे बहुमत युरोपात राहण्याच्या बाजूने. आकड्यापेक्षा वेग महत्त्वाचा दिसतो. गाव झपाट्याने बदललं, किंवा बदलणार अशी भीती घातली गेली, की माणूस बिथरतो. आणि बॉस्टनमध्ये मजूर बोलावले कोणी? कमी मजुरीत माल हवा असलेल्या सुपरमार्केटांनी आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांनी. दवाखाना वाढवायचं काम सरकारचं होतं. राग निघाला तो कोबी कापणाऱ्यावर.

चहाटपरी

थोडं विषयांतर करतो. ट्रम्पचं धोरण वाचायला अमेरिकेला जायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. आपल्या कापड गिरण्यांना धक्का बसला म्हणून सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढलं, पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. नेमका आपला कापूस बाजारात यायचा काळ. त्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि खासगी व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होता.

मंदाकिनी_अ

चहाटपरी, हे विषयांतर नाहीच. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली, तेव्हा मँचेस्टरला कापूस मिळेना म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलं, भाव कोसळला, शेतकरी सावकाराच्या दारात. तेव्हापासून आपल्या कापसाचा भाव आपल्याला न दिसणाऱ्या जागी ठरतो. जे दिसत नाही त्यावर रागावता येत नाही. म्हणून दिसणारा कोणीतरी लागतो.

वर्धाकाठ

मंदाताईंच्या शेवटच्या वाक्यावरून एक आठवलं. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई बर्कलीच्या. लुइझियानात जाऊन त्या उजव्या विचाराच्या लोकांत काही वर्षं मिसळल्या, त्यांच्या घरी जेवल्या, चर्चमध्ये गेल्या. त्या लोकांच्या मनातली गोष्ट त्यांनी अशी मांडली : टेकडीपलीकडे सुखाचं आयुष्य आहे, तिकडे जाणाऱ्या लांब रांगेत तुम्ही प्रामाणिकपणे उभे आहात. रांग हलत नाही. तेवढ्यात पुढे कोणी घुसताना दिसतात. काळे, स्थलांतरित, निर्वासित. आणि रांगेवर नजर ठेवायची ज्याची जबाबदारी, तो सरकारी माणूसच त्यांना हात देतोय असं वाटतं. बाईंनी ही गोष्ट त्याच लोकांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, होय, आम्हाला असंच वाटतं.

पऱ्हाटी

सर, रांगेचं आमाले नका सांगू. रांग आमी जगतो.

मांगच्या हंगामात कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलतो. जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर. थंडी अशी का बोटं वाकत नोते. कापूस ताडपत्रीखाली, वरून दव, अन् आत ओलावा १२ टक्क्याच्या वर गेला का माल वापस. म्हून रात्रभर जो तो आपली ताडपत्री चाचपून पाहे. रांग हाले नाई. मंग पोट्टे चिडले. फाटकाजवय हमाल बसले होते, परप्रांतातले, शेकोटी करून. एक पोट्टा ओरडला, ‘हे बाहेरचे लोक मुद्दाम हळू काम करते, याईलेच हाकला.’ दाहा-पंधराजन उठले. हमाल बिचारे शेकोटी सोडून मांगं सरकले.

तेवढ्यात एक म्हातारा मांगच्या बाजूनं आला. त्यानं सांगतलं, ‘मांगच्या फाटकातून व्यापाऱ्याच्या गाड्या सरळ आत जाऊन रायल्या.’ गावागावात खेडा खरेदी करून पडत्या भावात घेतलेला कापूस, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर हमीभावानं इकून रायले होते. आमची रांग त्याईच्यामुयं थांबली होती. चोर सोडून संन्याशाले फाशी.

अन् गंमत नाई, दुःख सांगतो. म्हाताऱ्यानं सांगतल्यावर बी अर्धे पोट्टे मांगच्या फाटकावर गेले नाई. काहून? त्या व्यापाऱ्याजवय त्याईची उधारी. बी-बियान्याची, खताची, बहिनीच्या लग्नाची. त्याले बोलता येत नाई. हमालाले बोलता येते.

सुमेध_पु

हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर लावायला हवा. ‘त्याला बोलता येत नाही, याला बोलता येतं.’ मी कोर्टात रोज हेच पाहतो.

निखिल_मूर्तिजापूर

पऱ्हाटीभाऊ, व्यापारी कोणत्या पक्षाचा?

पऱ्हाटी

सत्तेत जो राहीन त्याचा.

निखिल_मूर्तिजापूर

मग मला सांगा, त्या रात्री रांगेतल्या लोकांशी बोलायला कोण आलं? शेतकरी संघटना? काँग्रेस? पुरोगामी? तुमचं सगळं विश्लेषण मान्य केलं तरी हा प्रश्न उरतो. आमच्याकडची माणसं निदान सणाला, मयतीला, रक्त लागलं तर हजर असतात.

घुग्घुसकर

निखिल बाबू, कडू आहे पण खरं आहे. जो हजर असतो त्याचं लोक ऐकतात. फक्त हजर राहून तो लोकांना कोणत्या फाटकाकडे नेतो ते मी पाहीन.

वर्धाकाठ

मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण उद्या वर्गात काहीतरी सांगायचंच आहे. मी मानापासून सुरुवात केली होती. मानाचा मुद्दा मी सोडत नाही, पण पऱ्हाटींच्या उधारीने त्यात मोठी भर घातली. लोकांना खरा दोषी ठाऊकच नसतो असं समजून आपण त्यांना माहिती देत बसतो. अनेकदा ठाऊक असतो, पण त्याच्यावर बोलण्याची किंमत मोठी असते. अतिउजवा नेता राग काढायला स्वस्त जागा देतो, आणि वर त्याला शौर्य म्हणतो. मग पारावरच्या त्या ३४ वर्षांच्या मुलाला उधारीच्या जोखडात असूनही वाघ झाल्यासारखं वाटतं. निखिल यांच्या गॅसच्या हिशेबाला मात्र हे लागू होत नाही. तो भाग वर्गात वेगळा मांडीन.

निखिल_मूर्तिजापूर

मी मत देतो त्यालाच देणार आहे, हे आधी सांगतो. पण मागच्या फाटकाचा प्रकार मूर्तिजापूरकडेही होतो. केंद्रावर कोणाच्या सातबाऱ्यावर किती कापूस घेतला याची यादी माहिती अधिकारात मागता येईल. अर्ज मी लिहितो. पऱ्हाटीभाऊ, तुमच्या तालुक्याचा वेगळा टाकू.

फारुख_दर्यापूर

दर्यापूरचा माझ्या नावाने टाका. आमच्या भाऊंनाही सही करायला लावतो, त्यांचाही कापूस परत आला होता.

सुमेध_पु

मसुदा मला पाठवा, बघून देतो. हमाल हळू काम करतात अशी तक्रार त्यात कोणी घुसडू नका.

घुग्घुसकर

नुसती शेतकऱ्यांची यादी मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. फाटकावरची तारीखवार वाहनांची नोंद, वजनकाट्याच्या पावत्या आणि गाव-तालुकावार खरेदीचा तक्ता, असं तीन वेगळ्या मुद्द्यांत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, त्याचा नमुना माझ्याकडे आहे.